खांद्यावरचं दावं

सकाळी सातच्या सुमारास हद्दीवरच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यात जमादार श्रीमंतने कोंडाबाईला तिचीच कुत्री दाखवली. साल अठ्ठेचाळीस, वैशाख. नाका भूमच्या पश्चिमेला. समोर कोरडा ओढा. ओढ्यापलीकडे बार्शी तालुका, म्हणजे हिंदुस्थान. अलीकडे निजामाचं राज्य. रोज कुणी ना कुणी ओढा ओलांडून पळत होतं, आणि पळणाऱ्यांना धरायला जमादाराला कुत्रं हवं होतं.

कुत्री कारवानी होती, शिकारी जातीची. लांब पाय, निमुळतं तोंड, पाठीला लागलेलं पोट. नाव पाखरी. महिन्यापूर्वी जमादाराने ती कोंडाबाईच्या वस्तीवरून उचलून आणली होती, न विचारता. आता तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि गळ्यात लोखंडी साखळी.

कोंडाबाईने वळांवरून बोट फिरवलं. "हे कुनी केलं?"

"शिकवलं तिला," जमादार म्हणाला. "बस म्हटलं तर बसत न्हाय, ये म्हटलं तर येत न्हाय. माजलीय."

"काटती भी नहीं, सुनती भी नहीं," शिपाई जैनोद्दीनने भर घातली.

"नाक्यावर ऱ्हायली न्हवं महिनाभर? आयतं खायाचं आन् पडून ऱ्हायाचं. तुमचंच वळन लागलं तिला," कोंडाबाई म्हणाली.

जैनोद्दीन हसला.

"तोंड आवर," जमादार म्हणाला. "ही मानसामागं सुटली पायजे. आज, माझ्यासमोर."

"ही ससा धरती. मानूस धराय म्या शिकवली न्हाय."

"ससा पळतो, मानूस बी पळतो. तिला काय फरक?"

तो खरं बोलत होता, आणि त्याचाच कोंडाबाईला जास्त राग आला.

तिने साखळी काढून त्याच्या पायाशी फेकली. कमरेचं सुताचं दावं सोडून कुत्रीच्या गळपट्ट्याच्या कडीतून दुहेरी ओवलं. एक टोक सोडलं की कुत्री सुटते. कोंडाबाईच्या घरात शिकारीला ओरडत नसत. आवाजाने ससा लांबूनच उठतो. त्यामुळे त्यांची कुत्री हाकेवर नव्हे, दाव्यावर शिकलेली. धन्याच्या खांद्यावर दावं असलं की रान मोकळं. दावं कुणाच्याही हातात लोंबताना दिसलं की परत यायचं, मग शेताच्या दुसऱ्या टोकाला का असेना. एवढं शिकवण्यात पाखरीचं पहिलं वर्ष गेलं होतं. जमादाराने त्यातलं काहीच विचारलं नव्हतं.

जैनोद्दीनने आतून गुंडप्पाला आणलं. हा भूमचा वाणी, पहाटे ओढ्यात सापडलेला.

"त्या बाभळीपर्यंत पळ," जमादार त्याला म्हणाला. "कुत्रीच्या आधी पोचलास तर घरी जा."

गुंडप्पाने कुत्रीकडे पाहिलं, मग कोंडाबाईकडे. "अव्वा, चावती का ही?"

"पळू नगा," ती ओठ न हलवता म्हणाली. "बाजाराला निघाल्यागत चाला. मागं बघू नगा."

गुंडप्पा चालू लागला.

"भाग!" जमादार ओरडला.

गुंडप्पा चालतच राहिला. धोतराचा सोगा हातात, मान ताठ.

"सोड तिला!"

कोंडाबाईने टोक सोडलं आणि दावं खांद्यावर टाकलं. पाखरीने चालणाऱ्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि कोंडाबाईचा पाय हुंगायला लागली.

जमादाराने जैनोद्दीनच्या हातातली बंदूक ओढली आणि गुंडप्पाच्या डोक्यावरून बार काढला. गुंडप्पा जागीच पालथा पडला. पाखरी उधळली. माणसाकडे नव्हे, उलट्या बाजूला. दोन झेपांत ओढा ओलांडून ती पलीकडच्या काठावर बोरीच्या झुडपाशी थांबली आणि वळून बघू लागली.

पलीकडे गोळी टाकायची नाही, पाऊलही टाकायचं नाही, असा वरचा हुकूम होता.

"हाक मार!"

कोंडाबाई काठावर गेली. "पाखरे! ये गं माझे बाय! ये!" घसा फाटेपर्यंत ती ओरडत राहिली. पाखरीने कान टवकारले आणि खाली बसली. दावं कोंडाबाईच्या खांद्यावर होतं.

"बघा," ती वळून म्हणाली. "तुमी मारून ठेवलेली. आता माझं बी ऐकत न्हाय."

"ती येईस्तवर तू हितंच. ह्यो वानी बी हितंच."

"ऱ्हाते की. मला कुठं घाई हाय?"

दुपार झाली. गुंडप्पाला भिंतीशी बसवलं होतं. कोंडाबाई उन्हात, पाठ ताठ. जैनोद्दीनने पाणी आणलं. तिने ते घेतलं नाही. पलीकडे पाखरी बोरीच्या सावलीत, तोंड इकडे करून पडली होती.

जमादार जेवून बाहेर आला. दोघींकडे आळीपाळीने बघत उभा राहिला. मग म्हणाला, "हिचे हात बांधा. संध्याकाळी ही बी वढा वलांडायची."

जैनोद्दीन जागचा हलला नाही. तेव्हा जमादार स्वतः पुढे झाला आणि तिच्या खांद्यावरचं दावं त्याने हिसकलं.

कोंडाबाईने त्याचं मनगट धरलं. जमादाराशी बोलताना दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "साखळीनं बांधा, जमादार. ती पडलीय न्हवं तितं. तिनं बांधा. पाया पडते तुमच्या."

जमादाराने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या दाव्याकडे. ते त्याच्या मुठीतून मातीपर्यंत लोंबत होतं.

ओढ्यापलीकडे पाखरी उठून उभी राहिली होती, नजर त्या दाव्यावर.