पेन्सिलीच्या रेघा

कुमुदताईंनी वाचनालयात परत आलेली नवी कादंबरी उघडली आणि त्यांचं डोकंच फिरलं. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा! एका मुलीच्या वयात येण्याची ती गोष्ट. 'ती गप्प राहिली', 'तिनं मान खाली घातली', नेमक्या अशाच ओळींखाली रेघ.

"हे उद्योग तुझेच ना?" पुस्तक आणून देणाऱ्या ऋजुताला त्यांनी डोळे रोखून विचारलं.

"नाही हो ताई! आधीपासूनच आहेत. माझ्याआधी कुणी नेलंय बघा की."

"चोराच्या उलट्या बोंबा," असं पुटपुटत ताईंनी मागच्या पानावरची नोंद पाहिली. ऋजुताच्या आधी एकच नाव होतं, ताईंच्याच अक्षरात. शलाका. त्यांची लेक. 'पोरगी कशी गरीब गाय आहे, उलटून बोलणं माहीत नाही,' असं त्या चारचौघांत कौतुकानं सांगत, तीच.

उचललेला खोडरबर हातातच राहिला.

संध्याकाळी पोळ्या भाजणाऱ्या शलाकाला त्यांनी विचारलं, "आज क्लासला काय झालं गं?"

"काही नाही."

रोजचंच उत्तर. पण आज त्या दोन शब्दांखाली ताईंना रेघ दिसली. त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला.