हिरवा ठिपका

"आई, ठिपका पुन्हा विझला व्हता. पट्टी काढलीस का?"

फोनवर बजरंग होता, कर्नाटकातल्या उसाच्या फडातून.

"काढली न्हाई रे बाबा," जानकीबाई म्हणाल्या. "थंडी लई हाय. माझं अंगच गार पडतंय."

दंडावरची ती पट्टी हृदयाचं औषध कातडीतून आत सोडायची. तिला सेल नव्हता, अंगाच्या उबेवरच चालायची. चालू असली की भिंतीवरच्या डबीतून बजरंगच्या मोबाइलवर हिरवा ठिपका उमटायचा. डॉक्टरांनी हे सगळं मोठ्या कौतुकानं समजावलं होतं. म्हाताऱ्या अंगात ऊब उरते किती, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

"आता शेवटचं सांगतो," बजरंग म्हणाला. "आणखी एकदा विझला तर मी नांदूरघाटला येतो. तुला मावशीकडं ठेवतो अन् सायलीला फडावर आणतो. तुला काही झालं तर पोर एकटी कशी ऱ्हाईल?"

"अरे, दहावी हाय तिची!"

"मग ठिपका विझू देऊ नको."

चुलीपाशी नात सायली गणितं सोडवत होती. तिनं मान वर केली नाही, पण पेन थांबलं होतं. जानकीबाईंना भडभडून आलं. त्यांची स्वतःची शाळा अशीच फडात सुटली होती.

दुसऱ्या दिवसापासून ठिपका विझला नाही.

"कसं जमवलंस गं?" बजरंगनं विचारलं.

"गरम जागा सापडली," जानकीबाई म्हणाल्या.

दर सोमवारी पट्टी बदलायची असे. सायली शाळेत गेल्यावरच जानकीबाई ते काम उरकत. पोरीपुढं अंग कशाला उघडं करायचं, म्हणत. पाणी आता सायलीच भरायची, कारण आजीला चार पावलांत दम लागायचा. दारातल्या शेळीलाही त्यांनी चरायला सोडणं बंद केलं. तिला घरात बांधलं, अंगावर गोणपाट शिवून घातलं.

"आजी, शेळी अशी गळपटून का बसलीय?"

"थंडी बाधली असंल. तू अभ्यास कर."

संक्रांत गेली, हॉल तिकीट आलं. पहिला पेपर सोमवारी होता. सायली पाया पडून निघाली आणि लगेच बजरंगचा फोन आला.

"गेली का पोर?"

"गेली."

"आई, अडीच महिने एकदा बी ठिपका विझला न्हाई. पट्टीचा चांगलाच गुण आला की!"

"आला तर," जानकीबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्या भिंतीला टेकल्या. छातीतली कळ ओसरेपर्यंत तशाच बसल्या. मग डब्यातली नवी पट्टी घेऊन उठल्या, शेळीच्या अंगावरचं गोणपाट वर केलं आणि तिच्या मांडीतली जुनी पट्टी हळूच सोलून काढली.