हरभऱ्यातली सावली

सुगत आज भलताच खुशीत होता. हेलिकॉप्टरच्या बाजूला बांधलेल्या फळीवर बसून चालू विजेची लाइन दुरुस्त करायची, हे त्याचं काम. आजची लाइन नेमकी शेंदूरजनाघाटच्या त्या बगीच्यावरून जात होती, जिथं त्याची बायको संध्या संत्री तोडायला जायची.

"वरून मले हात दाखवजा," ती सकाळी म्हणाली होती.

"तारेवरचा हात उचलला तं जीव जाईन ना माहा!" तो हसला होता.

आता त्याचे दोन्ही हात तारेवर होते. खाली, बगीच्याला लागून असलेल्या हरभऱ्याच्या वावरात हेलिकॉप्टरची सावली स्थिर उभी होती. सावलीतल्या फळीवर तो आणि जोडीदार देवमन, दोघंही स्पष्ट दिसत होते.

संध्या बगीच्यातून धावत वावराच्या धुऱ्यावर, बांधावर आली. सुगतच्या सावलीनं तिला हात हलवून दाखवला.

सुगतनं आपल्या हातांकडे पाहिलं. ते तारेवरच होते.

"देवमनभाऊ, खाली पाहा ना."

"खाली नाही पाहायचं, सुगत. तार पाह्य."

संध्या हसत हरभऱ्यात शिरली. सुगतची सावली फळीवरून उतरून तिच्याजवळ गेली. संध्यानं सोललेलं संत्रं पुढं केलं, आणि इकडे सुगतच्या तोंडात गोड रस उतरला. त्याला हसू आवरेना.

"झालं काम! चाल घरी," देवमन म्हणाला.

हेलिकॉप्टर वर उठलं. खाली पळणाऱ्या सावलीत, फळीवर देवमन एकटाच बसलेला होता.