बारावी सही

कागदावर अकरा सह्या झाल्या होत्या. बारावी राहिली होती ती खुद्द सचिवांच्या घराची.

रविवारी सकाळी इमारतीतले सगळे घरमालक तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत जमले होते. सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या आणि आपलं घर त्यांनी एका नर्सला भाड्याने द्यायचं ठरवलं होतं. नर्स दुसऱ्या धर्माची. भाडेकरूला नकार द्यायचा तर उरलेल्या बाराही मालकांच्या सह्या लागत, असा इमारतीचा जुना नियम होता. सचिवांनी पट्टीने रेघा मारून तक्ता आखला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'आपल्या धर्माच्या रक्षणासाठी'.

सचिव राहत ते घर त्यांच्या बायकोच्या नावावर होतं, तिच्या वडिलांकडून आलेलं. त्यामुळे सही तिची हवी होती. ती शाळेत शिकवायची, म्हणून सगळी इमारत तिला बाई म्हणे.

सचिवांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. बाईंनी कागद वाचला. सगळा, खालच्या तारखेपर्यंत. मग तो टेबलावर ठेवला.

"मी सही करणार नाही."

कुणीतरी उगाच खोकलं. सचिव हसले. "अगं, नीट वाच. भाषा किती सौम्य ठेवलीय मी."

"भाषा सौम्य आहे. म्हणून तर जास्त राग आला."

"पण बाई," दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांचं सगळं आयुष्य प्रार्थनाघरात गेलं. तुम्हीच मागे हटलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"तेच तर मी म्हणतोय," सचिव म्हणाले. "हिच्या माहेरी पहाटेची प्रार्थना झाल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे."

"नाही मिळायचा," बाई म्हणाल्या. "आणि आणखी काय व्हायचं तेही ऐका. मी नऊ वर्षांची होते. वर्गातल्या मैत्रिणीकडे गेले, तिच्या आईने पाणी पुढे केलं. मी नको म्हटलं. त्यांचा धर्म वेगळा ना! घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाबा जेवत होते. अर्ध्यावर उठले, पायात चपला सरकवल्या आणि मला दंडाला धरून परत त्या घरी घेऊन गेले. दारात उभं करून माफी मागायला लावली. मग स्वतः पाणी मागितलं. दोन पेले प्यायले. येताना एवढंच म्हणाले, 'आज प्रार्थनेला बसू नकोस. तुझा आवाज वर पोचायचा नाही.'"

सचिवांचे कान लाल झाले होते.

"तुला सगळं आयतं मिळालं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "आमच्या घरी देवाचं नाव काढलं की माझे वडील खो खो हसायचे. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून म्हणायला मला एक ओळ येत नव्हती. एक ओळ! ठोंब्यासारखा बसून राहिलो. आज पक्षात गेलोय, तर तिथली चार माणसं मला आपला म्हणतात, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. त्यांच्यासमोर मला तोंडघशी पाडणार तू?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"हे मला कधी सांगितलं नाहीत."

"विचारलंस कधी?"

"नाही. ते चुकलं माझं." बाईंनी मान हलवली. पण पुन्हा बोलल्या तेव्हा आवाजात मऊपणा नव्हता. "मी रोज पहाटे आपल्याच घरात प्रार्थनेला बसते. तुमच्या खुर्चीपासून सहा पावलांवर. एकदाही येऊन बसला नाहीत. तुम्हाला देव भेटला तो पन्नाशी उलटल्यावर, जाहीर सभेत, लाउडस्पीकरवरून. अहो, भूक लागली होती तर जेवायचं होतं. दुसऱ्याच्या पुढ्यातलं ताट कशाला ओढता?"

"सही कर," सचिव म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय, सही कर!"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. नर्स उभी होती. रात्रपाळी संपवून सरळ आलेली असावी. डोळे तांबारलेले, खांद्याला पिशवी, हातात गुंडाळलेली मोजपट्टी.

"वरच्या आजी म्हणाल्या, चावी बाईंकडे आहे," ती म्हणाली. "पडद्यांची मापं घ्यायची होती. तुमची सभा चाललीय का? मी नंतर येते."

तिची नजर टेबलावर गेली. सचिवांनी पटकन कागदावर तळहात ठेवला. नेमका वरच्या ठळक ओळीवर. खालच्या सह्या मात्र झाकल्या गेल्या नाहीत. डॉक्टरांची सही सगळ्यांत मोठी होती. ते खिडकीबाहेर बघू लागले.

"नंतर कशाला?" बाई उठल्या. "चला."

दोघी जिना चढून गेल्या. खाली सचिवांनी पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला, ते नीट बसेना.

वर बाईंनी कुलूप काढलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या एकामागून एक धाडधाड उघडल्या. नर्सने मोजपट्टीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः चौकटीला लावलं.

"साडेचार फूट," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने सांगा," बाई म्हणाल्या. "खाली ऐकू जाऊ दे."