टिकाऊ भिंती

सहा महिने भरले, तशा छावणीतल्या घरांच्या भिंती ठरल्याप्रमाणे विरघळू लागल्या. समुद्राने गाव गिळल्यापासून इथे राहणारी द्रौपदी कुंभारीण चाळिसाव्यांदा भांडी बाहेर काढत होती. तेवढ्यात मदत संस्थेचे केळुसकर साहेब हसतमुखाने आले.

"बाई, कायमचा तोडगा निघाला. नव्या भिंती अख्खं वर्ष टिकतील."

"वीस वर्षं झाली, साहेब. लेक इथेच जन्मली, इथेच बाळंत झाली. न विरघळणारी भिंत तुम्हाला बनवताच येत नाही?"

"येते की. पण मग तुम्ही इथलेच होऊन बसाल."

द्रौपदीच्या मस्तकात तिडीक गेली. घरामागच्या भट्टीतली कोमट वीट आणून तिने साहेबांच्या हातात कोंबली.

"इथल्याच मातीची आहे. अशा चार हजार भाजून ठेवल्यात. हिला विरघळवायचं औषध शोधून आणा. तोवर आम्ही भिंत चढवतो."