गुणी बाळ

सकाळपासून एका नवजात बाळाच्या घरी अकरा फोन केले, एकही उचलला नाही. बारावा लागलाच नाही, म्हणजे हॉस्पिटलचा नंबरच ब्लॉक! साथ सुरू झाल्यापासून आमचा फोन म्हणजे 'आता उचलून नेणार' असंच लोक धरून चालतात. शेवटी मी, प्रसूती वॉर्डातली नर्स, तो पांढरा सूट चढवून स्वतः त्यांच्या घरी गेले. मला बघताच आजोबांनी धाडकन दार लावलं.

"अहो आजोबा, साथीचं काही नाही हो! नातवाच्या टाचेतून रक्त घेतलं होतं ना, त्याचा रिपोर्ट आलाय!"

मास्कमधला आवाज खिडकीच्या काचेपलीकडे पोचला असेल तर शप्पथ.

"आमच्याकडे कुणाला ताप नाही, खोकला नाही," खिडकीआडून त्यांनी मलाच सुनावलं. "आणि बाळ तर इतकं गुणी आहे, रडतसुद्धा नाही. दूध प्यायलं की नुसतं झोपतं. जा तुम्ही!"

मी रिपोर्ट काचेवर दाबून धरला, तोवर त्यांनी पडदा ओढला होता.



रिपोर्टवर लिहिलं होतं: "जन्मजात दोष. दूध पचत नाही, बाळाच्या अंगात विषासारखं भिनतं. आईचं दूधही आजच्या आज बंद करा."