नाताळातला वाघ

पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात वाघ फिरत होता, म्हणून नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आलेला हेमराज यंदा दिवस मावळायच्या आत घरी यायचा आणि चुलीपाशी बसून आईशी गप्पा मारत जेवायचा. रुखमाबाईला असं सुख कैक वर्षांत मिळालं नव्हतं.

मग वाघ पिंजऱ्यात सापडला.

"आई, उद्यापासून जेवाले माही वाट नको पाहू. दोस्तांकडं जातो."

सकाळी ओल्या अंगणात पंजाचे ताजे ठसे होते. वनरक्षक येऊन उकिडवा बसला.

"बाई, वाघाच्या ठशात चारच बोटं दिसतात. इथी पाच काऊन?"

रुखमाबाईनं चिखलाचा हात पदराआड नेला.

 

"माह्याबी घरी पोरगा आला आहे सुट्टीत," असं पुटपुटत त्यानं प्रत्येक ठशातलं एकेक बोट पुसून टाकलं.